दाबू की तरंगू देऊ?

"मावशी, बटर पाण्यावर तरंगतंय. दाबून धरू की असंच राहू देऊ?" भाचीने फोनवर विचारले आणि मी क्षणाचाही विचार न करता "दाब" असे सांगून मोकळी झाले. तिने "बरं" म्हणून फोन ठेवला आणि मी पुन्हा भांडी विसळायला लागले. हातावरचा साबणाचा फेस धुऊन निघाला, तो प्रश्न मात्र काही केल्या निघेना. "दाब" असे मी का सांगितले? गेली वीस-बावीस वर्षे मी केक आणि बिस्किटे करते आहे, आणि पाण्यात बटर मोजताना, म्हणजे ते सोडल्यावर मापाच्या भांड्यातले पाणी किती चढते यावरून माप घेताना, ते दाबायचे असते हे मला पक्के ठाऊक आहे. पण ते का दाबायचे, आणि न दाबता तसेच राहू दिले तर नेमके काय बिघडेल, याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. पाठ केलेला पाढा झोपेतही तोंडातून बाहेर पडावा, तसे ते उत्तर बाहेर पडले होते.

मुळात ही वेळ आली ती माझ्याच वहीमुळे. भाची नुकतीच स्वतंत्र राहू लागली आहे. ओव्हन आला, साचे आले, वजनकाटा मात्र अजून आलेला नाही. तिने शॉर्टब्रेडची, म्हणजे भरपूर बटर घातलेल्या खुसखुशीत बिस्किटांची, कृती मागितली, तेव्हा मी वहीतल्या पानाचा फोटो काढून पाठवून दिला. एक कप बटर, अर्धा कप साखर, पावणेतीन कप मैदा, चिमूटभर मीठ. तिने फ्रिजमधले बटर काढून सुरीने त्याचे चौकोनी तुकडे केले, ते मापाच्या कपात काठोकाठ भरले आणि पुढचे सगळे पानावर होते तसे केले. पीठ काही एकजीव होईना. मुठीत आवळले की मुटका व्हायचा आणि मूठ उघडली की वाळूसारखा सांडायचा. तरीही तिने ते साच्यात थापले, भाजले, आणि सुरी लावताच सगळ्याचा भुगा झाला. "चव मस्त आहे, फक्त चमच्याने खावं लागतंय," असे तिने सांगितले, तेव्हा आम्ही दोघी पोटभर हसलो. मग ती सहज म्हणाली, "पण तू लिहिलंस तसंच केलं होतं मी."

यावर मात्र मला हसता आले नाही.

तिने खरोखरच मी लिहिले होते तसेच केले होते. नंतर मीही थंड बटरचे तसेच तुकडे करून माझ्या कपात भरले आणि कप रिकामा करून ते तुकडे काट्यावर ठेवले, तर भरले १६४ ग्रॅम. हवे होते २२७. कप वरून पाहता गच्च भरलेला होता, पण तुकड्यातुकड्यांमधल्या पोकळ्याही बटर म्हणूनच मोजल्या गेल्या होत्या. त्यातून तो पदार्थ शॉर्टब्रेड. वजनाने एक भाग साखर, दोन भाग बटर आणि तीन भाग मैदा, एवढाच त्याचा संसार. अंडे नाही, दूध नाही, पाण्याचा थेंब नाही. सगळे पीठ धरून ठेवण्याची जबाबदारी एकट्या बटरवर. केकमध्ये साठ ग्रॅम बटर कमी पडले, तर अंडी आणि दूध मिळून वेळ निभावून नेतात. केक जरा कोरडा होतो, दुसऱ्या दिवशी घशाला लागतो, पण निदान केक म्हणून ताटात उभा राहतो. शॉर्टब्रेडला असे सांभाळून घेणारे कोणी नसते.

माझ्या वहीत तो "एक कप" आला कुठून, हे आठवायला फार कष्ट पडले नाहीत. ती कृती मूळची अमेरिकन आणि मी ती जशीच्या तशी उतरवून घेतली होती. गंमत अशी की जिने ती प्रथम लिहिली असेल, तिने बटर कपात कधी भरलेच नसणार. तिकडे बटर कागदात गुंडाळलेल्या कांड्यांच्या रूपात मिळते. त्या कांडीला ते स्टिक म्हणतात. एक स्टिक म्हणजे चार औंस, म्हणजे ११३ ग्रॅम, म्हणजेच अर्धा कप. चार स्टिक मिळून एक पौंड. वेष्टनावर टेबलस्पूनच्या आठ खुणा छापलेल्या असतात. जितके हवे तितक्या खुणा मोजायच्या, कागदावरूनच सुरी दाबायची आणि तुकडा वेगळा करायचा. देशाच्या पूर्वेकडच्या भागात ही कांडी लांब आणि सडपातळ असते, पश्चिमेकडे आखूड आणि जाडसर. वजन दोन्हीकडे तेच. (कागद गुंडाळताना थोडा सरकला की खुणाही सरकतात आणि पहिला चमचा लठ्ठ तर आठवा रोडका निघतो, ही तिथल्या बेकिंग करणाऱ्यांची नेहमीची कुरकुर.) तर त्या स्वयंपाकघरात "एक कप बटर" हे दोन स्टिकचे नुसते नाव होते. तिथून ती कृती बाहेर पडली, स्टिक मागेच राहिली, आणि माझ्या वहीत आलेला कप कोणीतरी खरोखरच भरायचा कप होऊन बसला. मी स्वतः कधीच कप भरत नव्हते. वर्षानुवर्षे काट्यावर २२७ बघूनच बटर घेत होते. ते वहीत लिहायचे मला कधी सुचले नाही, कारण वही माझ्याचसाठी होती.

या कपाची आणखी एक खोडी आहे. अमेरिकन कप आठ द्रव औंसांचा आणि त्यात मावणाऱ्या बटरचे वजनही आठ औंस. बटर पाण्याहून किंचितच हलके असल्यामुळे हा योग जुळून येतो आणि नवशिक्याचा असा समज होतो की कप म्हणजे २२७ ग्रॅम, मग तो कशाचाही असो. त्याच कपात मैदा चमच्याने हलकेच भरला तर १२० ते १२५ ग्रॅम बसतो. सुरुवातीच्या दिवसांत मी याच समजुतीपायी एकदा कपाला २२७ ग्रॅम या हिशोबाने मैदा घेतला होता. तो दगड आठवला की अजूनही दाढ दुखते. शिवाय कप तरी कुठे एकच आहे? अमेरिकन कप सुमारे २३७ मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियन २५०चा, जपानी २००चा, आणि जुन्या ब्रिटिश मापातला अर्ध्या पाइंटाचा कप भरतो २८४. टेबलस्पून बहुतेक ठिकाणी १५ मिलिलिटरचा धरतात, ऑस्ट्रेलियात मात्र २०चा. सगळेच जिन्नस एकाच कपाने मोजले तर कप लहान असो वा मोठा, प्रमाण टिकून राहते, हा युक्तिवाद मी पूर्वी मोठ्या तोऱ्यात करत असे. तो अंडे फोडेपर्यंतच खरा आहे. कप मोठा झाला म्हणून कोंबडी काही मोठे अंडे घालत नाही.

अंड्यावरून आठवल्या त्या माझ्या पहिल्या शिक्षिका. त्यांच्या ओट्याशी उभी राहून मी बेकिंग शिकले. बटरचे रिकामे कागद त्या कधीही टाकत नसत. घडी घालून फ्रिजच्या दारात ठेवत आणि साच्याला आतून बटर लावायला तेच कागद वापरत. त्यामुळे त्यांचा फ्रिज उघडला की आधी येई तो थंड, जरासा दुधट, जरासा कागदी वास. त्यांच्या चिठ्ठ्यांवर "अंड्याएवढे बटर", "अक्रोडाएवढे बटर" अशी मापे असत. मला त्याचा मनस्वी राग यायचा. अंडे कुठले, केवढे, असे विचारले तर त्या सुरीच्या टोकाने एक गोळा उचलून माझ्यासमोर धरत आणि म्हणत, "एवढं." ही मापे काही एकट्या त्यांची नव्हती. जुन्या इंग्रजी पाककृतींत ती सर्रास सापडतात, आणि फ्रेंच लोक आजही कृतीत बटरचा "अक्रोड" घालायला सांगतात. अमेरिकेत कप आणि चमचे काठाला सपाट करून मोजण्याचा आग्रह रुजवला तो मुख्यतः बॉस्टन कुकिंग स्कूलच्या प्रमुख फॅनी फार्मर यांनी, १८९६ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकातून. अंड्याएवढे बटर म्हणजे साधारण दोन औंस, पाव कप, असा हिशोब मग प्रचलित झाला.

त्या संध्याकाळी मी सुरीने तीन गोळे काढले, प्रत्येक वेळी डोळ्यांसमोर अंडेच आणून. पहिला भरला ४८ ग्रॅम, दुसरा ६१, तिसरा ५२. दोन औंस म्हणजे ५७. वीस-बावीस वर्षांच्या सवयीचा हात, आणि तरीही पहिल्या दोन गोळ्यांत तेरा ग्रॅमांचा फरक. बाईंचा हात असता तर तिन्ही गोळे सारखे आले असते, असे मनात आले. पण तेही मी कधी तोलून पाहिलेले नाही, आणि आता पाहता येणार नाही. मात्र एक गोष्ट त्या दिवशी पहिल्यांदाच लक्षात आली. "अंड्याएवढे" हा शब्द स्वतःच सांगतो की मी अंदाज आहे, मला विचार, माझ्याजवळ येऊन बघ. मी लिहिलेला "एक कप" तसे काही सांगत नाही. तो आकड्याचा अंगरखा घालून येतो, म्हणून भाचीने विचारले नाही, विश्वास ठेवला. बाईंवर रागावले होते ती मी आणि भाचीला भुगा खायला लावला तीही मीच.

बटर मोजण्यातला घोळ कपापाशी संपत नाही, कारण हा पदार्थ एका रूपात राहतच नाही. फ्रिजमधून काढल्यावर दगड, १८ ते २० अंशांना बोटाने खळगा पडेल इतके मऊ, आणि ३२ ते ३५ अंशांच्या दरम्यान पाणी पाणी. मऊ बटर कपात भरताना चमच्याच्या पाठीने दाबत गेले तर पोकळी राहत नाही आणि कप बऱ्यापैकी खरे बोलतो. फेटून हलके केलेले बटर डब्यात मिळते, त्यात हवा कोंडलेली असते. त्याचा एक टेबलस्पून नऊ-साडेनऊ ग्रॅमच भरतो, साध्या बटरचा चौदा. वितळवलेल्या बटरबद्दल स्वल्पविरामाचा वाद प्रसिद्धच आहे: "एक कप बटर, वितळवून" म्हणजे आधी मोजायचे आणि मग वितळवायचे, "एक कप वितळवलेले बटर" म्हणजे उलट. साध्या वितळवण्यात वजन बदलत नाही आणि दोन्ही वाटांनी येणारा फरक थोडासाच असतो, तेव्हा यावर डोके फोडून घेण्यात अर्थ नाही. तेच बटर तांबूस होईपर्यंत कढवायचे असेल तर मात्र हा स्वल्पविराम महागात पडतो. बटर म्हणजे निव्वळ स्निग्धांश नव्हे. अमेरिकेत १९२३च्या कायद्याने किमान ८० टक्के स्निग्धांश ठरवला, युरोपातही किमान ८०च आहे आणि तिकडची पुष्कळ बटरे ८२च्या आसपास असतात. उरलेल्यात बहुतांश पाणी. २२७ ग्रॅम बटर पातेल्यात घेतले की आधी ते वितळते, मग तडतडू लागते; ती तडतड म्हणजे हेच पाणी निघून जात असते. आवाज मंदावतो, फेस वर येतो, तळाशी दुधाचे कण तांबूस होतात, भाजलेल्या हेझलनटसारखा वास सुटतो, आणि वजन करावे तर १९० ग्रॅमच्या आसपास उरलेले असते. शॉर्टब्रेडला ते लागले काय किंवा केकला, हे छत्तीस-सदतीस ग्रॅम पाणी कोणीतरी हिशोबात धरायला हवे. मिठाचे मी इथे काढत नाही. खारे बटर वापरले तर कृतीतले मीठ गाळा, इतके पुरे.

हे सगळे मला येत होते. येत नव्हते ते एवढेच, की तरंगणारे बटर दाबायचे का.

रात्री जेवणे उरकल्यावर मी काचेचा मोठा मापजार काढला. त्यात ४०० मिलिलिटर पाणी घेतले आणि काट्यावर बरोबर २०० ग्रॅम बटर तोलून त्याचे दोन तुकडे अलगद पाण्यात सोडले. ते बुडाले, वर आले आणि पाठीचा जरासा भाग पाण्याबाहेर ठेवून स्वस्थ तरंगत राहिले, दुपारच्या म्हशींसारखे. मी डोळे पाण्याच्या पातळीला आणून पाहिले, तर पाणी ६०० च्या रेषेला टेकले होते. मग सुरीच्या टोकाने दोन्ही तुकडे पाण्याखाली ढकलले. पातळी काडेपेटीतल्या काडीच्या जाडीएवढी चढली. सुरी काढली, तुकडे वर आले, पाणी पुन्हा ६०० वर. असे मी पाच-सहा वेळा केले असेल; घरातले कोणी पाहत नव्हते हे बरे.

मग उलगडले. तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारते. आर्किमिडीजचा हा नियम शाळेत एका ओळीत लिहून मी गुण मिळवले होते. पाण्याचा एक मिलिलिटर म्हणजे जवळजवळ एक ग्रॅम. म्हणजे बटर मोकळे तरंगत असेल, तळाला टेकलेले नसेल, तर पाणी जितके मिलिलिटर चढेल तितके ग्रॅम ते बटर. तो मापजार म्हणजे वजनकाटाच झाला. आणि बटर पाण्याखाली दाबून धरले की तोच जार कप होतो, कारण आता पाणी बटरच्या वजनाइतके नव्हे तर आकाराइतके सरते. एक कप बटर हवे असेल तर दाबायचे आणि २३७ मिलिलिटर पाणी चढू द्यायचे. २२७ ग्रॅम हवे असतील तर दाबायचे नाही आणि २२७च चढू द्यायचे. दोन्हीकडून पोचायचे एकाच ठिकाणी. बाईंनी मला दाबायला शिकवले, कारण त्यांच्या हातातल्या कृत्या कपांच्या होत्या. ग्रॅमची कृती समोर ठेवून मीही पाण्यात बटर दाबत राहिले असते, तर दर कपामागे दहा ग्रॅम कमी घेत राहिले असते. शॉर्टब्रेडला दहा ग्रॅमनी फारसे काही होत नाही, हे मी प्रामाणिकपणे कबूल करते. तरी त्या रात्री मला ते दहा ग्रॅम फार मोठे वाटले.

उशीर झाला होता, पण भाची जागी असणार हे माहीत होते. फोन लावला आणि एका दमात तिला सगळे सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "मी दाबलं होतं, पण दोन बोटांनी." म्हणजे तिची बोटेसुद्धा बटरमध्ये मोजली गेली होती. "झाली का पण बिस्किटं?" मी विचारले. झाली होती, या वेळी सुरीने कापता आली, कडा जरा ठिसूळ राहिल्या. मी वही उघडून "एक कप" खोडले आणि शेजारी "२२७ ग्रॅम" लिहिले. खोडलेला शब्द तसाच दिसू दिला. त्या पानावर बटरचा एक जुना डाग आहे, त्याच्या कडेने पेन नीट उमटत नाही, म्हणून शेवटचा म दोनदा गिरवावा लागला.

"मावशी, अजून एक," ती म्हणाली. "पाण्यातून काढल्यावर बटरला पाणी चिकटलेलं असतं. ते पुसायचं की चालतं तसंच?"

"पुस" हा शब्द अगदी ओठांवर आला होता. तो मी गिळला आणि तिला थांबायला सांगितले. जारमधले दोन्ही तुकडे चमच्याने उचलून ओलेच काट्यावर ठेवले. २०४. मग स्वच्छ फडक्याने सगळ्या बाजूंनी टिपून घेतले, काट्याची ताटली कोरडी केली आणि पुन्हा ठेवले. २००.